पाणी किती गार हवं, त्याआधी खोली किती गरम?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय 26. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात नोकरी, सिडकोत सगळ्यात वरच्या मजल्यावर आईवडिलांसोबत राहणं. गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जोडलेला आहे, रायझन 7 7800एक्स3डी प्रोसेसर आणि आरटीएक्स 4080 ग्राफिक्स कार्ड. खेळायचं रात्री दहानंतर आणि रविवारी दुपारी. एप्रिल उजाडला की कार्डाचे पंखे इतके ओरडतात की शेजारच्या खोलीत झोपलेली आई उठून येते. म्हणून दिवाळीचा बोनस मोडून कस्टम वॉटर कूलिंग, म्हणजे सुटे भाग जोडून पाण्याने कॉम्प्युटर गार करायची व्यवस्था, करायचं ठरलं आहे, पण ते पाणी निववणाऱ्या रेडिएटरच्या मापावर गाडं अडलंय. दुकानदार म्हणतो, 240 (120 मिलिमीटरचे दोन पंखे बसतील एवढा) पुष्कळ झाला. पुण्याचा मित्र म्हणतो, एकच 360 (तीन पंख्यांचा) घे पण 60 मिलिमीटर जाडीचा घे. व्हिडिओत एकाने दोन 360 लावून पाणी 30 अंशांवर ठेवलेलं पाहिलं. “खर्च एकदाच करता येईल, चूक परवडणार नाही. नाशिकच्या 41 अंशांत पाणी 30 वर ठेवायला नेमका केवढा रेडिएटर घेऊ?”

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण गुंता तिथेच आहे. 41 अंशांच्या हवेत पाणी 30 वर ठेवेल असा रेडिएटर कुठल्याच मापात मिळत नाही. दोन काय, चार लावले तरी नाही.

आपल्याकडे माठाची सवय असल्यामुळे हे पटकन गळी उतरत नाही. माठातलं पाणी खोलीपेक्षा गार होतं, कारण त्याच्या अंगातून पाणी पाझरतं आणि वाऱ्यावर उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. रेडिएटर सगळीकडून बंदिस्त असतो, पाझरत नाही. त्याच्या नळ्यांमधून पाणी फिरतं, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून पंखा खोलीतली हवा ढकलतो, एवढाच त्याचा उद्योग. त्यामुळे पाणी फार तर खोलीच्या हवेइतकं गार होईल, तिच्याखाली अर्धा अंशही नाही. आणि मशीन चालू असताना ते हवेपेक्षा काही अंश वरच राहणार. हे ‘काही अंश’ पाच असतील की पंधरा की वीस, एवढंच रेडिएटरच्या मापाने ठरतं. हौशी मंडळी याला डेल्टा म्हणतात. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतली खोली 22 अंशांची असेल तर त्या माणसाचा डेल्टा आठचा होता. तोच संच, तेच पंखे, तेच पाणी उचलून तुमच्या स्लॅबखालच्या 37 अंशांच्या खोलीत आणलं तर 45 दाखवेल, आणि त्यात कुणाचीच चूक नसेल.

(पाणी खोलीच्या खाली उतरत नाही याचा एक फायदाही आहे. पाइपांवर दव धरायची भीती नाही, अगदी जुलैतल्या झडीतही.)

आता तो 41. पेपरात छापून येतो तो आकडा भर दुपारचा, सावलीतल्या पेटीत मोजलेला. तुम्ही खेळता रात्री दहाला. नाशिकची रात्र मुंबईसारखी चिकट नसते. मेमध्येही पहाटेपर्यंत बाहेरचा पारा पंचविशीच्या आसपास उतरतो. पण तुमच्या डोक्यावर गच्ची आहे, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला लागणारा आकडा पेपरात नाही, फोनमध्येही नाही. सुदैवाने आत्ता मे चालू आहे आणि मोजायला याहून चांगला महिना नाही. साधा डिजिटल थर्मामीटर आणा, कॅबिनेट जिथून हवा आत घेतं त्या बाजूला, वीतभर अंतरावर टांगा, खिडकीपासून लांब. आठवडाभर रात्री साडेदहाला आणि रविवारी दुपारी तीनला आकडा वहीत लिहा. खेळ तासभर चालू असतानाचाच लिहा, मशीन बंद असतानाचा नको, कारण तुमचं मशीनच खोली तापवतं. रेडिएटर उष्णता नाहीशी करत नाही, कार्डावरची उचलून तुमच्या पाठीमागच्या हवेत सोडतो. चारशे वॅट म्हणजे छोटा रूम हीटरच झाला. वॉटर कूलिंग केलं की खोली गार राहील असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. खोली होती तेवढीच तापणार.

हिशेबासाठी मी तुमची खोली रात्री 33 आणि रविवारी दुपारी 37 धरते. तुमचे आकडे आले की तुम्ही बदलून घ्या.

दुसरा आकडा वॅटचा. तुमच्या 4080ची ठरलेली मर्यादा 320 वॅट. 7800एक्स3डी कागदावर 120 वॅटचा, त्याला 162 पर्यंत ओढायची मुभा आहे, पण गेममध्ये तो साठ ते ऐंशीच्या घरातच असतो. पंपाचे वीसेक. म्हणजे खेळताना पाण्यात उतरणारी उष्णता साधारण 400 वॅट, आणि प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर मुद्दाम पूर्ण भार टाकणारी चाचणी लावली तर जास्तीत जास्त 500. तुम्ही गेम खेळता, तेव्हा 400 धरू. तुमच्या मशीनवर खरा आकडा किती येतो ते कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, तेही आठवडाभर बघून ठेवा.

‘प्रत्येक पार्टला 120 चा एक भाग आणि वर एक जास्तीचा’ असा एक जुना हिशेब सगळीकडे सांगितला जातो. तुमच्याही कानावर आला असेल. त्यानुसार प्रोसेसर एक, कार्ड एक, जास्तीचा एक, झाला 360. हा हिशेब वस्तू मोजतो, वॅट मोजत नाही. त्याच्या लेखी 200 वॅटचं 4070 कार्ड आणि 450 वॅटचं 4090 कार्ड सारखंच. तो विसरा.

कामाला येणारं ढोबळ माप असं : 30 मिलिमीटर जाडीच्या चांगल्या तांब्याच्या रेडिएटरमध्ये 120 चा एक पंखा मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल, तर पाणी खोलीपेक्षा 10 अंश वर असताना तो भाग साधारण 100 वॅट बाहेर टाकतो. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा कमी, पण घर बांधायला हा पाया पुरतो. डेल्टा दुप्पट झाला की वॅटही जवळजवळ दुप्पट. म्हणजेच रेडिएटर छोटा असला तर तो ‘फेल’ होत नाही, पाणी अजून तापू देतो आणि तिथे तोल साधतो.

यावरून तुमच्या 400 वॅटचं काय होतं ते बघा. 240, म्हणजे दोन पंखे : डेल्टा 20. 360, तीन पंखे : साडेतेरा. 480 इतकी जागा, चार पंखे : 10. 360 आणि 240 मिळून पाच पंखे : 8. दोन 360, सहा पंखे : साडेसहा-सात. पहिल्या पायरीला साडेसहा अंश मिळाले, दुसरीला साडेतीन, तिसरीला दोन, शेवटच्या पायरीला जेमतेम सव्वा. पैसे मात्र प्रत्येक पायरीला जवळपास तेवढेच जातात. म्हणूनच ‘जेवढा मोठा तेवढा चांगला’ हे खरं असूनही फार वेळ खरं राहत नाही.

दुकानदारावर रागावू नका. 240 हा फक्त प्रोसेसरसाठी रास्त सल्ला आहे, आणि बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्याकडे तेवढ्यासाठीच येत असणार. पण तुमच्या 37 अंशांच्या रविवारात वीसचा डेल्टा मिळवला की पाणी 57 वर जातं. बहुतेक पंप 60 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेले असतात आणि पीईटीजी नावाच्या प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच सुमाराला मऊ पडायला लागतात. मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझा पहिला लूप (पंप, नळ्या, रेडिएटर मिळून पाण्याचा फेरा) 240 चाच होता, इंदिरानगरच्या घरात, पश्चिमेच्या भिंतीला लागून. मेमधल्या एका दुपारी दीड तास खेळल्यावर पाणी 55 दाखवत होतं. मशीन बंद करून मी कार्डाजवळच्या नळीच्या वळणाला बोट लावलं, तर ते किंचित दबलं आणि फिटिंगच्या रबरी रिंगपाशी पाण्याचा एक बारीक मणी जमलेला दिसला. पुसला, परत जमला. त्या संध्याकाळी सगळं पाणी काढलं. नशिबाने बोर्डावर थेंब पडला नव्हता.

म्हणून आपल्या हवेत मी एकच रेघ आखून घेते : वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी, तासभर खेळल्यावर पाणी 48 च्या वर जाता कामा नये. रोजचं 40-42 असेल तर उत्तम. तुम्हाला 42 ऐकून धडकी भरेल, कारण डोक्यात 30 बसलंय. पण पाणी 45 असलं तरी बरा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) लावलेलं कार्ड 60 च्या आसपास राहतं, आणि त्या कार्डाची कमाल मर्यादा 90 आहे. ते अगदी सुखात असतं. प्रोसेसर मात्र त्याहून गरम दिसेल, भार जास्त असेल तर सत्तरी-पंचाहत्तरी गाठेल. घाबरून आणखी रेडिएटर घेऊ नका. 7800एक्स3डीमध्ये जास्तीच्या कॅशचा, म्हणजे वेगवान मेमरीचा, थर कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावर बसवलेला आहे, त्यातून उष्णता वर यायलाच वेळ लागतो. अडथळा पाण्याच्या अलीकडे आहे, रेडिएटर कितीही मोठा केला तरी तो हटत नाही. त्याची मर्यादा 89, तिच्या खाली तो आपलं काम करतो.

आता तुमच्या मित्राचा जाडजूड 360. कल्पना चुकीची नाही, पण तुमच्या घराला ती लागू पडत नाही. चहा लवकर निवावा म्हणून आपण तो बशीत ओततो, उंच पेल्यात ओतत नाही. रेडिएटरमध्येही समोरून दिसणारा पसारा जास्त मोलाचा. हवा पुढच्या पत्र्यांमधून जाताना तापते. 60 मिलिमीटरच्या मागच्या अर्ध्या भागाला ती तापलेलीच मिळते. तिथूनही काम काढायचं तर हवा जोरात ढकलावी लागते, म्हणजे पंखे वेगात, म्हणजे आई पुन्हा दारात. हळू पंख्यांवर दुप्पट जाडीचा फायदा फार थोडा. शिवाय 60 चा रेडिएटर आणि 25 चा पंखा मिळून 85 मिलिमीटर होतात, आणि एवढी जागा कॅबिनेटच्या वरच्या बाजूला क्वचितच असते. तोच पैसा दुसऱ्या पातळ रेडिएटरमध्ये घाला.

पंख्यांचा विषय निघालाच आहे तर तिसरा आकडा इथेच सांगते, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या पत्राची खरी तक्रार उष्णतेची नाहीच, आवाजाची आहे. तुम्ही तापमानाबद्दल एक ओळ लिहिली आहे, आईच्या झोपेबद्दल चार. वर दिलेली सगळी मापं बाराशे फेऱ्यांची होती. पंखे आठशेवर आणले की एका भागाचे 100 वॅट साठ-सत्तरवर उतरतात असं धरून चाला. मग एकटा 360 रात्रीच्या 33 अंशांत पाणी 53 च्या आसपास नेईल. 360 आणि 240 मिळून ते 45-46 वर थांबेल. मोठ्या रेडिएटरचा खरा उपयोग हा आहे. तेच तापमान तो हळू पंख्यांवर देतो.

तेव्हा खरेदीआधी एक चाचणी करा, तिला एक पैसा लागत नाही. रात्री घर शांत झाल्यावर बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधून) कॅबिनेटचे पंखे एकाच वेगावर बांधा, आधी बाराशे, मग हजार, मग आठशे. कार्डावर भार नको, त्याचे पंखे थांबलेले हवेत. खोलीचं दार रोज असतं तसंच ठेवून आईच्या पलंगाजवळ जाऊन उभे राहा. ज्या वेगाला घराच्या छताच्या पंख्याखाली तुमच्या पंख्यांचा आवाज बुडतो, तो तुमचा वेग. पंखे पाच होणार असतील तर थोडा खालचाच धरा.

इथे एक आडवा प्रश्न विचारते, मनाला लावून घेऊ नका. कस्टम लूप हवाच आहे का? नुसती कार्ड जळायची भीती असेल तर नको. 4080चा मूळ कूलर चांगला मोठा असतो, आणि कार्ड तापलं तर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतं. कार्डाची वॅटमर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणून बघा. 320 चे 256 होतात आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) अगदी थोड्या कमी होतात, खेळताना बहुधा कळणारही नाही. स्क्रीन 144 हर्ट्झची असेल तर फ्रेमही 144 ला बांधा. हे दोन बदल आज रात्री करून आईला विचारा. तेवढ्यात भागलं तर बोनस शाबूत. आणि गच्चीला पांढऱ्या चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा हात मारला नसेल तर या रविवारी मारा. आमच्याकडे त्याने खोलीतल्या थर्मामीटरवर दोन अंश उतरले. रेडिएटरच्या हिशेबात दोन अंश म्हणजे चौथ्या पंख्यावरून पाचव्यावर जाण्याइतकी कमाई, आणि तिचा फायदा अख्ख्या घराला.

पण हे सगळं करूनही तुम्हाला लूप हवा असेल, कारण तो स्वतःच्या हाताने बांधायचा आहे, नळ्या वाकवायच्या आहेत, तर ते कारण पुरेसं आहे. त्याला तापमानाची सबब जोडायची गरज नाही. मला स्वतःला त्या कामात जेवढं सुख मिळालं तेवढं गेममध्येही नाही.

तेव्हा माझा सल्ला : समोर 360, वर 240, दोन्ही 30 मिलिमीटरच्या आसपास जाडीचे. वरच्या बाजूला 360 खरोखर बसत असेल आणि दुकानात फरक थोडाच पडत असेल तर तोही चालेल, पण त्यासाठी दुसरं कॅबिनेट घेऊ नका. 140 चे पंखे बसत असतील तर 280 चाही विचार करा. त्याचा पसारा 360 च्या नव्वद टक्के भरतो आणि पंखे दोनच लागतात, हळू फिरणारे.

‘बसतं’ याचा अर्थ मात्र वेबसाइटवरच्या तक्त्यावरून लावू नका. 360 म्हणजे नुसत्या पंख्यांची लांबी. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून रेडिएटर 390 ते 400 मिलिमीटर भरतो, आणि फिटिंग त्याच्याही पुढे येतं. मी करते ते असं : किराणा दुकानातून जाड पुठ्ठ्याचं खोकं आणायचं, त्यातून 400 लांब, 120 रुंद आणि 55 जाड असा ठोकळा कापून चिकटपट्टीने बांधायचा. 55 म्हणजे रेडिएटरचे 30 आणि पंख्याचे 25. मग कॅबिनेटचं झाकण काढून तो वरच्या पट्टीला धरायचा. बहुतेक वेळा तो तीन ठिकाणी अडतो : रॅमच्या उंच पट्ट्यांवर, बोर्डाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यातल्या उष्णताशोषक पत्र्यावर, आणि तिथेच प्रोसेसरची वीज आणणाऱ्या आठ पिनांच्या केबलवर. शेवटची जागा फसवी. रेडिएटर बसतो, पण केबल खोचायला बोटं जात नाहीत. पुठ्ठा लागलेला असतानाच केबल काढून परत खोचून बघा. समोरच्या बाजूलाही तसंच करा, कार्डाची लांबी आणि पंप आणि रिझर्व्हायर, म्हणजे पाण्याची छोटी टाकी, यांची जागा धरून. एक तास जातो, पण चुकीची खरेदी टळते.

हवेची दिशा. समोरचा 360 बाहेरची ताजी हवा आत ओढणारा ठेवा, तो मोठा आहे, त्याला गार हवा मिळालीच पाहिजे. वरचा 240 हवा बाहेर टाकणारा ठेवला तर त्याला समोरच्याने तापवलेली, तीन-चार अंश जास्तीची हवा मिळते. हिवाळ्यात चालतं. मे महिन्यात वरचे पंखे उलटे करून तेही आत ओढणारे ठेवा आणि मागचा एक पंखा बाहेर टाकणारा. वरून धूळ येईल, त्यावर जाळी हवीच. आणि रात्री खिडकी उघडून तिच्याकडे पाठ केलेला एक टेबल फॅन लावा, बाहेरची हवा आत ओढणारा. बाहेरची गार रात्र फुकट मिळते, ती आत घ्या.

धुळीवर थोडं थांबते, कारण सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या शहर खोदलेलं आहे आणि तुमच्याकडे तर अंबडची भर आहे. रेडिएटर घेताना पत्र्यांची दाटी विचारा, इंचाला किती पत्रे आहेत ते. दहा-बाराच्या घरातले घ्या. वीसच्या पुढचे दाट रेडिएटर वेगवान पंख्यांसाठी असतात आणि आपल्याकडे दोन महिन्यांत त्यात फेल्टासारखा थर बसतो. दर महिन्याला मशीन बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, हवेच्या उलट दिशेने ब्लोअर मारा. पाती मोकळी सोडून मारलात तर पंखा जनरेटरसारखा फिरून बोर्डाला वीज देऊ शकतो. ही सफाई चुकवली तर दोन 360 सुद्धा एका 240 सारखे वागतात.

धातूबद्दल नाशिककराला जास्त सांगायला नको, भांडी बाजार आपल्याच गावात आहे. ब्लॉक तांब्याचा असतो, तेव्हा रेडिएटरही तांबं-पितळेचाच घ्या. स्वस्तात मिळणारा अॅल्युमिनियमचा त्याच पाण्यात जोडला तर दोन धातूंची पाण्यातून बॅटरी बनते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या तयार कूलरांत ही जोडी चालते, कारण त्यातलं द्रव त्या हिशेबाने भरलेलं असतं. नवा रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा खळखळून धुवा, आत जोडकामाचा चिकट अवशेष असतो. लूपमध्ये नळाचं पाणी नको, आरओचंही नको. तयार कूलंट घ्या, रंगीत दुधाळ सोडून. आणि पहिल्यांदा भरल्यावर चोवीस तास फक्त पंप चालवा, बाकी सगळ्याची वीज काढून, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून.

मोठा रिझर्व्हायर घेतला तर रेडिएटर लहान चालेल का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. नाही चालत. 400 वॅट एक लिटर पाण्याला दर दहा-अकरा सेकंदांना एक अंश तापवतात. लिटरभर जास्त पाणी घेतलं तर तापायला काही मिनिटं जास्त लागतील, इतकंच. म्हणून दहा मिनिटांच्या चाचणीवरही विश्वास ठेवू नका. अर्धा-पाऊण तास सलग खेळल्यावर जो आकडा स्थिर होतो तो खरा. लूपमध्ये पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर टाका, स्वस्त असतो, आणि पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला न बांधता या पाण्याला बांधा. प्रोसेसर क्षणात वरखाली होतो आणि पंखे धापा टाकल्यासारखे करतात. पाणी सावकाश तापतं, पंखेही सावकाश चढतात. झोपलेल्या माणसाला एकसुरी आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त त्रास देतो. लूपमध्ये आधी कार्ड की आधी प्रोसेसर, याची चिंता करू नका. पाणी मिनिटाला चार लिटर फिरत असेल तर पूर्ण फेरीत दीड अंशाचाही फरक पडत नाही.

आणखी एक वाट आहे, ती सांगून ठेवते : नऊ पंख्यांचा मोठा रेडिएटर कॅबिनेटच्या बाहेर, खिडकीच्या पलीकडच्या सावलीतल्या बाल्कनीत. उष्णता खोलीत येतच नाही, हा तिचा मोठा गुण. पण नळ्या भिंतीतून न्याव्या लागतात, जूनमध्ये पाऊस आणि बारा महिने धूळ झेलावी लागते. भाड्याच्या घरात किंवा पहिल्याच लूपला मी हे करायला सांगणार नाही. पुढेमागे कराल, तर तेव्हा पुन्हा लिहा.

आधी थर्मामीटर, मग वॅट, मग आईच्या पलंगाजवळ उभं राहून ऐकणं. हे तीन आकडे वहीत उतरले की 360 आणि 240 वर थांबायचं की पुठ्ठ्याचा दुसरा ठोकळा कापायचा, ते तुम्हालाच दिसेल. आईला कोणत्या वेगावर झोप लागली तेवढं मला नक्की कळवा.